पंधरा मीटर

प्रचितीनं चौदा विहिरींचं पाणी
चौदा बाटल्यांत भरून
बालवाडीच्या खिडकीत ठेवलं.
अंगठ्याएवढ्या बाटल्या, तळाला औषध,
चिकटपट्टीवर तिच्या वळणदार अक्षरात
कुणाची बांय ते लिहिलेलं.
"दोन दिवस थांबायचं," ती म्हणाली,
"काळं झालं तर पिऊ नका."

मी हसलो. पाणी काय लोणचं आहे,
मुरायला ठेवतेस?

तिसऱ्या सकाळी नऊ काळ्या होत्या.
तव्याच्या पाठीसारख्या काळ्या.
लोक बाटल्या बघत होते,
मी नावं वाचत होतो.
नवाच्या नवांशेजारी माझ्या हातचं काम.

मी पुनो गवंडी.
योजना आली तेव्हा या वाड्यावरचे
तेवीस संडास मी बांधले.
त्याआधी आम्ही काजूंच्या मागे जायचो,
बायका अंधाराची वाट बघत बसायच्या,
माझी बहीण एकदा फुरशावर पाय देऊन आली.
म्हणून एकेक दार बसवताना
देवळाची चौकट बसवल्यासारखं वाटायचं.
कडी आतून लागते की नाही
ते मी स्वतः आत जाऊन पाहायचो.

कागदावर होतं: खड्डा विहिरीपासून पंधरा मीटर.
माझ्याकडे टेप होती.
पण भाटकाराचा माणूस माडांच्या ओळीशी उभा राहून सांगायचा,
"ह्या माडापलीकडे कुदळ नको."
माडाच्या अलीकडे घर, गोठा, तुळस, बांय,
आणि उरेल त्यात खड्डा.
मी टेप गुंडाळून खिशात ठेवायचो.
सात मीटर. सहा.
एके ठिकाणी साडेचार.

आणि चिरा तर मी जन्मभर फोडला.
माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू?
कुठलाही तुकडा उचलून बघ,
आत गल्ल्याच गल्ल्या.
पाणी त्यातून शाळा सुटलेल्या पोरासारखं जातं,
कुणाला वाट विचारत नाही.

सगळ्यात काळी बाटली कोंसेसांवची.
तिच्या बांयपासून साडेचार मीटरवर
खड्डा आमचा.
माझ्या घरचा, पहिला बांधलेला, निळं दार.

रात्रभर शब्द जुळवले.
सकाळी तिच्या दारात जाऊन
सांगितलं ते भलतंच तुटक.
ती कळसो घासत होती, थांबली नाही.
म्हणाली, "तुझ्या आईला देव स्वर्ग देवो,
चाळीस वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही तिनं.
तहानेनं जीव कासावीस झाला तरी
कुंपणापलीकडूनच बोलायची.
आणि तुम्ही मला हे पाजलंत, पुनो."
मग हसली.
मला हसता आलं नाही.

आता दर आयतवारी आम्ही खणतो.
खाली रस्त्याच्या कडेला एक मोठी बंद टाकी,
आतून सिमेंट, दोनदा घोटलेलं.
जागेच्या कागदावर भाटकाराची सही अजून नाही.
पंच म्हणतो होईल,
बोटीवरून सुट्टीला आलेला पास्कोल म्हणतो, आधी खणा.
नळाला पाणी पहाटे चाळीस मिनिटं,
वरच्या तीन घरांपर्यंत ते चढतच नाही,
तिथं घागरी पोचवायच्या पाळ्या लावल्यात.
पाळ्यांवरून भांडणं होतात.
भांडणाऱ्यांच्याही डोक्यावर घागरी असतात.

माझा खड्डा मी पहिला उपसला.
निळ्या दाराला कुलूप घालणार होतो,
तर सून म्हणाली, "आणि आम्ही? परत काजूंमागे?"
कुलूप खिशात घातलं.
तूर्त प्लॅस्टिकची टाकी पुरलीय,
भरली की गाडी बोलवायची,
गाडी ते कुठं नेऊन ओतते
हे आता मी तिच्या मागे स्कूटरनं जाऊन बघतो.

काल प्रचितीनं कोंसेसांवच्या बांयचं पाणी
पुन्हा भरून ठेवलं.
रात्री झोप येईना.
बॅटरी घेऊन बालवाडीपाशी गेलो,
काचेला नाक लावून पाहिलं.

पिवळट होती.
अजून एक दिवस आहे.